चौदा शटरं आणि होडीचा रंग

नाही गं, तसं नको लिहूस. "थोर समाजसेविका" म्हणे. खोड ते आधी. ती किल्ल्या बनवायची. कुलपं उघडायची, शटरं दुरुस्त करायची, आणि कुणी चहा विचारला तर नाही म्हणायची नाही. एवढं लिही आणि पुढचं ऐक.

तुझी धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पण तिला सगळा रस्ता किल्लीकाकू म्हणतो, तर आपणही तेच म्हणू. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल घरचीच माणसं घरच्यांचं कौतुक करत बसलीत. करतेच आहे मी, पण ते त्याला कशाला कळायला हवं.

आपला रस्ता तुला माहीत आहे. बसथांब्यापासून उतरत उतरत सरळ वाळूत जाऊन संपतो. या बाजूला सात दुकानं, त्या बाजूला सात. आणि कोपऱ्यावर, जिन्याखाली, किल्लीकाकूचं दुकान. दुकान कसलं, कपाटच ते. ती आत बसली की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. भिंतीभर खिळे, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, समोर पकडीचं यंत्र, आणि पायाशी तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची हत्यारांची पेटी. दीर शटरांचा कारागीर होता, रस्त्यावरची सगळी शटरं त्याच्याच हातची. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. तेराव्या दिवसानंतर लोक विचारायला लागले, पेटी विकायची का. ती म्हणाली, "आधी बघते मला काय जमतं."

पहिली किल्ली तिनं बनवली ती कुठल्याच कुलपाला लागेना. आम्ही हसलो. मीच जास्त हसले, लिही, खरं ते लिही. ती कानस घेऊन बसली. चार दात घासले, कुलपात घातली, काढली, परत घासले. दिवेलागणीला कुलूप उघडलं. ना हसली, ना काही. म्हणाली, "आता कळलं, घाई केली की दात जास्त घासला जातो."

तेव्हा रस्ता कसा होता म्हणून सांगू. संध्याकाळी शहरातून बस आली की माणसांची रांगच खाली उतरायची. कापडवाला, भांडीवाला, औषधवाला, चपलावाले अण्णा. अण्णांचं दुकान सगळ्यात मोठं. माणूस दारात उभा राहिला की पायाकडे बघून ते मापाचा डबा काढायचे.

मग वरचा मोठा रस्ता झाला. गाड्या वरूनच जायला लागल्या आणि दुकानंही हळूहळू वर चढली. आधी भांडीवाला गेला, मग कापडवाला. जाणारा प्रत्येक जण जाताना किल्लीकाकूच्या खिडकीशी थांबायचा. "काकू, ही एक किल्ली ठेवा. गिऱ्हाईक मिळेपर्यंत जरा लक्ष असू द्या." एक एक करत चौदा किल्ल्या तिच्याकडे आल्या. तिनं एका जाड तारेत ओवल्या आणि पेटीच्या तळाशी ठेवल्या.

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? ठेवल्या असत्या आणि विसरली असती. पण ही शटरवाल्याची बायको. समुद्राचा वारा म्हणजे मिठाचा वारा. महिनाभर शटर उघडलं नाही की कडेच्या खाचेत मीठ बसतं, स्प्रिंग आखडते, आणि मग दोन गडी लावले तरी ते हलत नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी ही निघायची. हातात बादली, काखेत शटर ओढायची आकड्याची काठी, पदर खोचलेला. एक शटर उघडायचं. आधी गोड्या पाण्यानं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं, मग तेल. "मिठावर तेल लावलं तर वरून चकाकतं आणि आतून खातं," असं ती म्हणायची. खाचेला ग्रीस, कुलपाला तेलाचे दोन थेंब. पाच मिनिटं हवा लागू द्यायची, केर काढायचा, बंद करायचं, की पुढचं. एका वेळी एकच उघडायचं हा तिचा नियम. दुसऱ्याची जागा आहे, डोळ्यांसमोर हवी.

आणि हे किती वर्षं? नऊ वर्षं.

मी टोमणे मारायचे. "सासऱ्यांनी चौदा दुकानं नावावर करून दिल्यासारखी पुसतेस." ती म्हणायची, "वहिनी, सासऱ्यांनी दिली असती तर एवढी पुसली नसती." तिचा मुलगा परगावी, तो फोनवर ओरडायचा, "आई, बंद दुकानांना तेल घालून तुला मिळतं काय?" त्यावर ती, "तू रोज गाडी धुतोस, तुला काय मिळतं?"

मग एक दिवस अण्णांचा माणूस निरोप घेऊन आला. कुणी गोदामवाला सगळी रांगच विकत घ्यायला तयार होता. दोन्ही बाजू पाडायच्या आणि मोठं गोदाम उभं करायचं. पण त्याची अट अशी की चौदाच्या चौदा दुकानं हवीत, एक जरी कमी पडलं तर तो दुसरीकडे बघणार. अण्णा पुढाकार घेत होते. महिनाअखेरीला सगळ्यांच्या सह्या. जिन्याखालचं कपाट अण्णांच्याच इमारतीतलं, तेही जाणार.

किल्लीकाकूच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन दिवस जेवली नाही धड. मुलगा म्हणाला, "बरंच झालं, आता इकडे ये." ती मला म्हणाली, "वहिनी, तो प्रेमानं बोलावतो, नाही कुठे म्हणते मी? पण तिथं सकाळी उठून मी काय उघडू?"

मला वाटलं, आता तरी ही शनिवारची वारेमाप मेहनत सोडेल. पाडायच्याच शटरांना कशाला तेल? तर हिनं उलटंच काढलं. "जायचीच असतील तर जाऊ देत. पण माझ्याकडे होती तोवर गंजली, असं कुणी म्हणायला नको. खालच्या पट्ट्यांचा रंग उडालाय, तेवढा देऊन टाकते."

रंगासाठी ती किनाऱ्यावर होड्या रंगवणाऱ्याकडे गेली, त्याला सगळे मामा म्हणतात. त्यानं उरलेला एक डबा दिला, गडद निळा. शनिवारी सकाळी ही कामाला लागली. पण रंगाच्या डब्याची खोड अशी की एकदा उघडला की वर साय धरते. एकेक शटर रंगवून, वाळवून, बंद करून पुढे जायचं तर डबा वाया. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःचा नियम मोडला. चौदाच्या चौदा शटरं कमरेइतकी उघडली, ओळीनं सगळ्या पट्ट्या रंगवल्या आणि आकड्यानं वर ढकलून दिली. वाटलं, दोन तासांत वाळतील, मग ओळीनं ओढून घेऊ.

दहा वाजता मामा बघायला आला. तिनं विचारलं, "बारापर्यंत वाळेल ना?"

"बारा? कसले बारा? काकू, होडीचा रंग आहे तो. सूर्य बुडेपर्यंत हात लावू नका, आत्ता खाली घेतलीत तर लादीला चिकटून बसतील."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं कुठं? होडीला कधी घाई असते का?"

झालं. चौदा दुकानं सताड उघडी, त्यांत रिकामी फडताळं, काउंटर, आरसे, आणि राखायला ही एकटी. पळत माझ्या दारात. "वहिनी, घरात जे काही काम चाललंय ते उचला आणि रस्त्यावर चला. एकेक दुकान धरून बसा. सगळ्यांना बोलवा."

मी वाटाणे सोलत होते. तशीच टोपली घेऊन भांडीवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. मामा दोरखंड वळत होता, तो कापडवाल्याकडे बसला. मागच्या गल्लीत एक जण जुन्या शिडांच्या कापडाच्या पिशव्या शिवायची, पिशवीवाली म्हणूनच लिही. तिचं मशीन दोघांनी उचलून अण्णांच्या दुकानात ठेवलं. कुणी स्वेटर विणत, कुणी पोरांचा अभ्यास घेत, ज्याला जे दुकान मिळालं त्यात बसला. किल्लीकाकू मधोमध रस्त्यावर स्टूल टाकून, चौदाही दुकानांवर नजर ठेवून.

आणि शनिवार म्हणजे शहरातली माणसं समुद्रावर येण्याचा दिवस. एरवी खाली मान घालून ती सरळ वाळूकडे जायची, बघायला होतं काय? त्या दिवशी बसमधून उतरली आणि थबकली. दोन्हीकडे दुकानं उघडी, आत माणसं, निळ्या पट्ट्या चमकतायत. एक बाई माझ्यासमोर येऊन उभी.

"वाटाणे कसे दिले?"

मी म्हटलं, "दिले नाहीत अजून. घरचे आहेत."

"सोललेले मिळतात हे बरं झालं," म्हणाली आणि टोपलीच रिकामी करून गेली. संध्याकाळी आमच्याकडे भाजी नव्हती, तुझे आजोबा किती बोलले.

पिशवीवालीच्या तर शिवून ठेवलेल्या सगळ्या पिशव्या गेल्या, शेवटी तिच्या खांद्यावरची पिशवीही एकीनं मागितली. मामाला कुणी विचारलं, एवढा दोर कशाला, तर तो तासभर गाठी शिकवत बसला, भोवती पंधरावीस माणसं. आणि लोक सारखे विचारत होते, "रोज असता का तुम्ही?" काय सांगणार. आम्ही रंग वाळायची वाट बघत होतो.

सूर्य बुडाला, शटरं खाली आली. आम्ही सगळे खुशीत. किल्लीकाकू मात्र तारेतल्या किल्ल्या मोजत बसलेली. मी म्हटलं, "अगं, एवढी मजा झाली, तुझं तोंड का असं?"

"मजा दुसऱ्याच्या घरात झाली, वहिनी. मला किल्ल्या राखायला दिल्या होत्या. मी लोकांना आत बसवलं, विकायला लावलं. न विचारता."

"कोण बघतंय?"

"मी."

बघ, इथे मी हरले. आपल्याला असं सुचतही नाही गं.

रविवारी सकाळी तिनं फोन घेतला आणि चौदा जणांना लावला. प्रत्येकाला तेच. काय झालं, कसं झालं, तुमच्या दुकानात कोण बसलं होतं, काय विकलं. कुणी हसलं. भांडीवाला म्हणाला, "काकू, एवढ्यासाठी फोन? मी झोपलो होतो." प्रत्येकाला तिनं पुढचंही विचारून घेतलं, "पुढच्या शनिवारी सह्या व्हायच्या आत एकदा बसवू का माणसं? नको म्हणालात तर नाही." अकरा जण हो म्हणाले. एकानं फोनच उचलला नाही. औषधवाला भडकला, माणूस पाठवून त्यानं किल्ली परत नेली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. किल्लीकाकूला ते वहिनी म्हणतात. मग म्हणाले, "वहिनी, मी किल्ली दुकान बंद ठेवायला दिली होती. शनिवारी येतो. किल्ली काढून ठेवा."

तो आठवडा तिनं कसा काढला तिलाच माहीत. अण्णा म्हणजे सह्यांमधला मुख्य माणूस, आणि त्यालाच दुखावून बसलेली. मी म्हटलं, "त्यांना सांगायचंच नव्हतं. पिशवीवाली थोडीच बोलणार होती." ती म्हणाली, "मग किल्ली माझ्या हातात टोचली असती."

शनिवार उजाडला. अकरा शटरं वर गेली. गेल्या वेळची माणसं परत आली आणि येताना आणखी घेऊन आली. आम्हीही शहाणे झालो होतो. मी दोन टोपल्या सोललेले वाटाणे नेले, आणि घरच्या भाजीपुरते वेगळे काढून ठेवले. पण अण्णांचं शटर खाली. तिनं हात लावला नाही. पिशवीवालीचं मशीन बाहेर पायरीवर, उन्हात. लोक येऊन विचारायचे, "हेच सगळ्यात मोठं दुकान, हेच बंद का?" किल्लीकाकू सांगायची, "मालकांची परवानगी नाही." नावं ठेवायची नाही, एवढंच सांगायची.

अकराच्या सुमाराला अण्णा आले. वरच्या रस्त्यावरून चालत, कपाळाला आठ्या. चार पावलं उतरले आणि थांबले. माणसांतून वाट काढावी लागली त्यांना. स्वतःच्या दुकानासमोर आले, तर दोन्हीकडची दुकानं भरलेली आणि मध्ये त्यांचंच दार बंद.

"हे का बंद?" त्यांनीच विचारलं.

"तुम्ही हो म्हणाला नाहीत." तिनं किल्ली पुढे केली. "घ्या. चुकले मी त्या दिवशी. बाकी काही बोलायचं नाही."

अण्णांनी किल्ली घेतली, खाली वाकले, कुलूप काढलं. आता गंमत बघ. त्यांच्या वरच्या दुकानाचं शटर दोनच वर्षांपूर्वी नवं बसवलेलं, पण गंजून एवढं जड झालेलं की रोज सकाळी दोघं मिळून उचलायचे. त्या सवयीनं त्यांनी दोन्ही पाय रोवले, दम धरला आणि सगळा जोर लावून ओढलं. शटर सुर्रकन वर. अण्णा मागच्या मागे मामाच्या अंगावर.

मामा म्हणाला, "सावकाश. ही होडी नाही."

कुणी हसलं नाही. म्हणजे हसलो, पण आतल्या आत. अण्णा उठले. त्यांनी शटर खाली घेतलं, परत वर केलं. एका बोटानं. परत खाली, परत वर. खाचेतून बोट फिरवलं, बोटाला ताजं ग्रीस. वाकून निळी पट्टी पाहिली.

"कितीदा करता हे?"

"दर शनिवारी."

"नऊ वर्षं?"

"दोन शनिवार चुकले," ती म्हणाली. "एकदा मला ताप होता. एकदा सून बाळंत झाली तेव्हा तिकडे गेले होते."

अण्णा आत गेले. चपला घालून बघायच्या त्या बुटक्या बाकावर बसले. बाहेर एवढा गलका आणि आत तो माणूस स्वतःच्या रिकाम्या फडताळांकडे बघत. त्यांची स्वतःची नजर वळली नव्हती नऊ वर्षांत या दुकानाकडे. दर आठवड्याला कुणी तरी ते उघडून, पुसून, बंद करत होतं, आणि ते वर बसून ते विकायला निघाले होते. हे मी म्हणते, ते बोलले नाहीत.

किल्लीकाकू दारात उभी. आत जायचं की नको, तिला कळेना. शेवटी पिशवीवालीच उन्हाला वैतागली. तिला ना सह्यांचं काही, ना गोदामाचं. तिनं दारातून डोकं घातलं. "अण्णा, मशीन आत आणू का? डोकं तापलं माझं."

अण्णांनी मान वर केली. "आण. पण भिंतीला खिळे मारायचे नाहीत."

किल्लीकाकू तिथेच पायरीवर बसली. डोळे पुसले नाहीत बाईनं, नुसते मिटले. मग अण्णा बाहेर आले आणि किल्ली तिच्या मांडीवर ठेवली. "तुमच्याकडेच असू द्या. मी सही करत नाही. बाकीच्यांना मीच कळवतो." आणि दोन पावलं जाऊन वळले. "वहिनी, वरच्या दुकानाचं शटर बघायला कधी येता?"

"सोमवारी," ती म्हणाली. "आधी गोड्या पाण्यानं पुसून ठेवायला सांगा."

एक सही कमी पडली तशी गोदामवाल्यानं दुसरी जागा बघितली. आता लगेच सगळं सोन्याचं झालं असं नको लिहूस, कुणाला खरं वाटणार नाही. पहिला पावसाळा तर हाल होते, माणूस नाही काणूस नाही. बसणाऱ्यांतले दोघं कंटाळून निघून गेले. कापडवाल्याचा पुतण्या परत आला, भांडीवाला आला नाही. आज चौदातली नऊ रोज उघडतात, तीन नुसती शनिवारी. अण्णा शनिवारी खाली येऊन बसतात. पिशवीवाली एका बाजूला, ते एका बाजूला, आणि दोघं दिवसभर खिळ्यांवरून भांडतात. औषधवाल्याचं शटर कायमचं बंद, किल्ली त्याच्याकडे. किल्लीकाकू ते बाहेरून का होईना, गोड्या पाण्यानं पुसते. "त्याचा राग माझ्यावर आहे, शटरावर थोडाच," म्हणते.

आताशा गुडघे दुखतात तिचे, आकड्याची काठी ती टेकायलाही वापरते. पण शनिवारी सकाळी बादलीचा आवाज आला की मी समजते, निघाली. परवा म्हटलं, "पुरे की आता." तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही वाटाणे सोला."

चौदाव्या दुकानाचं राहिलं की. ते घड्याळवाल्याचं. तिचा त्या दुकानावर फार जीव, कारण आत समुद्राकडची खिडकी आहे आणि दुपारपर्यंत दिवा लावावा लागत नाही. मालक हो म्हणालाय, शटर ठणठणीत आहे, पण बसायला माणूस मिळत नाही. तर शेवटी एवढं लिही. हे वाचणाऱ्याच्या ओळखीत कुणी असेल, चष्मे दुरुस्त करणारं, पुस्तकं बांधणारं, काहीही हातानं करणारं आणि घरात जागा नाही म्हणून पलंगावर पसारा मांडून बसणारं, तर त्याला निरोप द्यावा. शनिवारी सकाळी आठला यायचं, जिन्याखालच्या खिडकीशी उभं राहायचं आणि किल्लीकाकूला विचारायचं. अट एकच म्हणावं, मालकाला फोन ती स्वतः करणार, तोवर आत पाऊल टाकायचं नाही.